एका गाठीची चार चित्रे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी तुमच्यापुढे येते ती चिवड्याची परात घेऊन. भाषणासाठी उभी राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. शिक्षण सातवीपर्यंत झाले आणि पुढचे सगळे चुलीपाशी, म्हणून बोलताना कुठे अडखळले तर सांभाळून घ्या. अध्यक्षबाईंनी "स्त्रियांचे आरोग्य" असा विषय दिला होता. मी म्हटले, एवढा मोठा विषय मला पेलणार नाही. मला एका गाठीबद्दल बोलता येईल. ती गाठ माझ्या थोरल्या जाऊबाईंची. त्या इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच मी बोलते आहे. त्या म्हणाल्या, "सांग न तू. नाव घेतलं तरी चालते." नाव मी घेत नाही, घेतल्यावाचून कोणाला कळणार नाही, असे आपले गावही नाही.

आणखी एक. आपण बायका "छातीत गाठ" असे म्हणतो. छाती पुरुषालाही असते. आज मी स्तन हाच शब्द वापरणार आहे. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

येत्या मार्गशीर्षात दोन वर्षे होतील. गुरुवारच्या पूजेची मांडणी चालली होती. जाऊबाईंनी मला न्हाणीघराकडे बोलावले आणि उजव्या बाजूला हात लावून पाहायला सांगितले. बोराएवढी गाठ होती. गुळगुळीत, बोटाखाली इकडून तिकडे पळणारी. दुखत मुळीच नव्हती. मला बाविसाव्या वर्षी अगदी अशीच गाठ झाली होती आणि ती साधी निघाली होती. एवढ्या भांडवलावर मी निकाल देऊन टाकला, "काही नाही होत, ताई. खराब गाठ अशी पळत नसते." घरात थोरल्या पुतणीचे लग्न वैशाखात ठरलेले. जाऊबाईंनाही तेच ऐकायचे होते. त्या म्हणाल्या, "दुखत नाही, तर कायले जायचं दवाखान्यात?" आणि आम्ही दोघी पूजेला बसलो.

लग्न झाले तोवर बोराचे लिंबू झाले होते. मग एके ठिकाणी सोनोग्राफी केली. गाठीच्या कडा गुळगुळीत आहेत, काळजी नको, सहा महिन्यांनी दाखवा, असे सांगण्यात आले. तिथे एकच चित्र काढले गेले आणि त्या एका चित्रात खरेच तसे दिसत होते. माझी बोटे आणि ते चित्र, दोघांनी एकच साक्ष दिली. आणि दोघांची साक्ष चुकीची होती. धाकटी पुतणी नागपूरला नर्सिंग शिकते. आषाढात ती घरी आली, आईला हात लावून पाहिले आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीत बसवले. त्या पोरीचे आमच्यावर फार उपकार आहेत.

नागपूरला मी सोबत गेले आणि पुढे वर्षभर जात राहिले. भासरे शेत सोडून कितीदा येणार? तिथे बाकावर बसून बसून मी एक वही केली. जे समजेना ते विचारायचे, लिहायचे आणि रात्री पुतणीकडून तपासून घ्यायचे. आजचे माझे सगळे ज्ञान त्या वहीतले.

पहिली गोष्ट मला कळली ती ही की स्तनाचा कॅन्सर हा एक रोग नव्हे. शेतातल्या तणाचे उदाहरण घ्या. गाजरगवत उपटले की मुळासकट हातात येते. हराळी उपटायला जा, तुटलेल्या तुकड्यातून ती पुन्हा फुटते. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही हिरवीच. पण दोघांना एकच उपाय करणारा शेतकरी फसतो. तसेच इथे आहे. कॅन्सरच्या पेशींवर तीन खुणा आहेत की नाहीत, हे डॉक्टर पाहतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे स्त्रीच्या शरीरातले दोन रस. त्यांना धरून ठेवणाऱ्या जागा पेशीत असतात, या पहिल्या दोन खुणा. तिसरी खूण म्हणजे हर-टू नावाचे प्रथिन. ते पेशीवर जास्त झाले की पेशी भराभर वाढतात.

पहिल्या खुणा असतील तर तो कॅन्सर बाईच्याच रसावर पोसतो. १८९६ साली ग्लासगोचे बीटसन नावाचे शस्त्रवैद्य होते, त्यांनी अशा रोगी बाईची बीजकोशे काढल्यावर गाठ आक्रसल्याचे प्रसिद्ध केले. का आक्रसते हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. आज तेच काम रोजच्या गोळीने होते. ती पाच-दहा वर्षे घ्यावी लागते. हर-टू असेल तर त्यावर नेमके बसणारे इंजेक्शन १९९८ पासून मिळते आहे. आणि तिन्ही खुणा नसतील तर? त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तो अंगाने तापट आणि चालीने घाईचा. त्यावर ना ती गोळी चालते, ना ते इंजेक्शन. तिथे मुख्य भिस्त केमोथेरपीवर, आणि अलीकडे काही जणींना त्याच्या जोडीला शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणारे औषध देतात. पाश्चात्य देशांत शंभर रोगी बायकांत दहा-पंधरा जणींचा कॅन्सर या जातीचा असतो. आपल्या देशातल्या पुष्कळ पाहण्यांत तो आकडा तिसाच्या आसपास आला आहे. शिवाय आपल्याकडे हा रोग तिकडच्यापेक्षा सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो. २०२२ साली आपल्या देशात अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर नव्याने झाला. बायकांच्या कॅन्सरांत आज याचाच नंबर पहिला आहे.

जाऊबाईंचा कॅन्सर तिन्ही खुणा नसलेला निघाला.

आता चित्रांकडे येते. चित्रे चार प्रकारची निघाली आणि चारही वेगवेगळे बोलत होती.

पहिले मॅमोग्राफीचे. हा क्ष-किरणांचा फोटो. राँटगेनसाहेबांनी १८९५ साली हे किरण शोधले आणि पहिला गाजलेला फोटो काढला तो आपल्या बायकोच्या हाताचा, बोटातल्या अंगठीसकट. स्तनाचा अभ्यास या किरणांनी प्रथम केला तो बर्लिनच्या सालोमन नावाच्या शस्त्रवैद्याने. १९१३ साली त्याने कापून काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे फोटो तपासून लिहिले होते. आजच्या यंत्रात स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरतात. दुखते, पण पळभरच. पापड लाटायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. फोटोत चरबी काळसर दिसते आणि दुधाच्या ग्रंथी पांढऱ्या. गाठही पांढरीच. म्हातारपणी ग्रंथी कमी होतात, मग काळ्यावर पांढरे चटकन दिसते. चाळिशीतल्या बाईचा स्तन दाट असतो. दह्याच्या गाडग्यात पांढरा खडा शोधावा तसे होते. जाऊबाईंच्या फोटोत नुसता एक धूसर पांढरा डाग आला. पण मॅमोग्राफीचा एक गुण असा की रव्याच्या कणाएवढे, त्याहूनही बारीक चुन्याचे कण तिला दिसतात. इतर चित्रांत ते सहसा निसटतात. हर-टूच्या जातीत असे कण पुष्कळदा सापडतात. जाऊबाईंच्या गाठीत एकही नव्हता, आणि कण नसणे हीसुद्धा एक खूणच, कारण ट्रिपल निगेटिव्हमध्ये ते बहुधा नसतात. (हा पानाला लावायचा चुना नव्हे, बरे का. पान खाल्ल्याने ते कण होत नाहीत आणि दूध सोडल्याने जात नाहीत. मला तिघी-चौघींनी विचारले, म्हणून सांगितले.)

दुसरे सोनोग्राफीचे. सोनोग्राफी म्हणजे पोटुशा बाईची, असेच आपल्याला वाटते. इथे किरण नाहीत, आवाज आहे; आपल्या कानाला न ऐकू येणारा. तो आत सोडायचा आणि परत येणाऱ्या पडसादावरून चित्र उठवायचे. आपल्या भद्रावतीत मातीच्या कामाला कोण अनोळखी आहे? ग्रामोदय संघाची चिनी मातीची भांडी घराघरांत आहेत. भट्टीतून निघालेले भांडे बोटाने वाजवले की चीर आहे की नाही ते कळते, तोच न्याय. गाठीत नुसते पाणी असेल तर ती चित्रात काळीभोर दिसते आणि बहुतेक वेळा भिण्याचे कारण नसते. भरीव असेल तर तिच्या कडा पाहतात. इथेच मला माझी चूक समजली.

रसावर पोसणारा कॅन्सर बहुधा सावकाश वाढतो आणि वाढताना आजूबाजूचे मांस आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून चित्रात त्याच्या कडांना काटे दिसतात, गोखरूसारखे. अशी गाठ बोटालाही कडक आणि रुतलेली लागते. ट्रिपल निगेटिव्ह इतक्या घाईने वाढतो की ओढायला त्याला उसंतच नसते. तो सभोवतालचे बाजूला ढकलतो. म्हणून तो पुष्कळदा गोल, गुळगुळीत, साध्या गाठीसारखा दिसतो आणि तसाच हाताला लागतो. जी गाठ सर्वांत तापट, तीच सर्वांत निरुपद्रवी दिसू शकते! बाविसाव्या वर्षीच्या माझ्या गाठीवरून मी शेहेचाळीस वर्षांच्या बाईला धीर दिला होता. त्या संध्याकाळी धर्मशाळेत मला जेवण गेले नाही. जाऊबाईंना मी सांगितलेही, की माझ्यामुळे पाच महिने गेले. त्या म्हणाल्या, "लग्न तुह्या पोरीचं असतं त मी बी तेच म्हटलं असतं." पुढे या विषयावर आम्ही बोललो नाही.

नागपुरात दोन्ही चित्रे शेजारी ठेवून एकाच बाईडॉक्टरांनी पाहिली आणि सोनोग्राफीचे यंत्र स्वतः पुन्हा फिरवले. गाठीची एक बाजू गुळगुळीत नव्हती. बटाट्याला कोंब फुटावा तसा तिथे उंचवटा होता. काखेतल्या एका गाठीची साल जाड झाली होती. हे पहिल्या ठिकाणी कोणी पाहिले नव्हते, कारण काखेत यंत्र फिरवलेच नव्हते.

तिसरे चित्र एमआरआयचे. यात मोठा लोहचुंबक असतो, म्हणून अंगावर धातू नको. बांगड्या, जोडवी, नाकातली चमकी, सगळे उतरवायचे. सत्तावीस वर्षांत जाऊबाईंनी मंगळसूत्र काढले नव्हते. नर्सबाईंनी ते माझ्या ओंजळीत दिले आणि मी ते तसेच धरून बाहेर बसून राहिले. आत पालथे झोपवतात, दोन्ही स्तन दोन खोबणींत लोंबते राहतात आणि यंत्र ठोकल्यासारखा आवाज करत सुटते. जाऊबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "भांदक टेशनवर मालगाडीखाली निजल्यावाणी वाटलं." मधेच शिरेतून एक औषध सोडतात आणि लागोपाठ चित्रे काढतात. कॅन्सर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या करून घेतो, पण त्या घाईत बांधलेल्या नालीसारख्या गळक्या असतात. औषध तिथे झटकन भरते आणि पुष्कळदा झटकन ओसरते. म्हणजे हे चित्र नुसता आकार दाखवत नाही, रक्ताची ये-जा दाखवते. जाऊबाईंच्या गाठीची कडा कडीसारखी उजळली आणि मधला भाग काळा राहिला, कारण वाढ इतकी वेगाची की मध्यापर्यंत रक्त पोचत नव्हते आणि तिथल्या पेशी मेल्या होत्या. अशी उजळ कडी ट्रिपल निगेटिव्हमध्ये पुष्कळदा दिसते.

चौथे पेट-सीटी. नाव ऐकून जाऊबाईंना वाटले की पोटाचा फोटो काढणार. या परीक्षेला उपाशी जायचे असते. किंचित किरण सोडणारी साखर शिरेतून देतात आणि तासभर एका खोलीत गप्प बसवतात. कॅन्सरच्या पेशी साखरेच्या हावऱ्या. त्या ती ओढून घेतात आणि चित्रात दिव्यासारख्या पेटतात. सीटी म्हणजे अवयवांचा नकाशा. नकाशावर हे दिवे ठेवले की कोणत्या गल्लीत कोणते घर पेटले आहे ते कळते. नुसता नकाशा असता तर दिवा दिसला नसता आणि नुसता दिवा असता तर पत्ता कळला नसता. ती साखर साठवता येत नाही. तिचे किरण दर ११० मिनिटांनी निम्मे होतात, म्हणून सकाळी केलेली सकाळीच वापरावी लागते. आपल्या देशात हे पेटचे काम पहिल्यांदा सुरू झाले ते २००२ साली, आपल्याच मुंबईत, अणुशक्ती खात्याच्या किरणोपचार केंद्रात. ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू या जातींचे दिवे बहुधा प्रखर असतात. सावकाश वाढणाऱ्या जातीचा दिवा मिणमिणता. जाऊबाईंचे दोन दिवे लागले, एक स्तनात, एक काखेत. यकृत, हाडे, फुप्फुसे अंधारात होती. त्या काळोखाचा जेवढा आनंद मला झाला, तेवढा दिवाळीच्या उजेडाचाही कधी झाला नसेल.

(साखर खाल्ल्याने कॅन्सर वाढतो, असा अर्थ यातून काढू नका. जाऊबाईंचा चहा कोणीतरी बिनसाखरेचा केला होता; डॉक्टरीणबाईंनी तो परत गोड करायला लावला.)

आता तुम्ही म्हणाल, चार चित्रांवरून जात ओळखली तर मग सुई कशाला टोचली? मीही तेच विचारले. उत्तर असे मिळाले की चित्रे संशय घेतात, निवाडा सुई करते. गाठीतला तांदळाएवढा तुकडा काढतात, त्याच्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकत्या करतात आणि त्यांवर औषध टाकतात. खूण असेल तर पेशी तपकिरी रंगतात. जाऊबाईंच्या तिन्ही चकत्यांना रंग चढला नाही. सुई टोचल्याने कॅन्सर पसरतो, ही आपल्याकडची फार जुनी भीती आहे. त्या भीतीने सुई टाळणाऱ्या बाया मी तिथे पाहिल्या. सुईने त्यांचे काही बिघडले नसते, टाळण्याने बिघडले होते.

पण सुईलाही मर्यादा आहे. ती एका जागचे सांगते. गाठ मात्र सगळीकडे सारखी नसते, एकाच वावरात काळी आणि मुरमाड जमीन असावी तशी. चित्र अख्खी गाठ दाखवते आणि न दुखवता पुन्हा पुन्हा काढता येते. म्हणून आता देशोदेशी हीच खटपट चालली आहे की चारही चित्रे एकत्र घ्यायची, डोळ्याला न दिसणारे बारकावे संगणकाकडून मोजून घ्यायचे आणि गाठ कोणत्या जातीची ते ताडायचे. साखरेऐवजी इस्ट्रोजेनसारखा पदार्थ वापरण्याला अमेरिकेत २०२० साली परवानगी मिळाली. रसाची खूण असलेल्या जागा त्यात पेटतात. ट्रिपल निगेटिव्ह त्यात अंधारात राहील, आणि तो अंधारच त्याची ओळख. हे सगळे सुईची जागा घेईल, असे आज कोणी म्हणत नाही. पण जाऊबाईंच्या बाबतीत चित्रांचे म्हणणे आणि सुईचे म्हणणे जुळले आणि त्या जुळण्यावर उपचार ठरला.

आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन. मला हे उलटे वाटले; वाटले, आधी कापून टाका ना! पण या जातीत बहुधा आधी औषध देऊन गाठ विरते का ते पाहतात. गाठ पार विरली तर पुढे शोधायची कुठे, म्हणून तिच्यात तिळाएवढी धातूची खूण आधीच बसवून ठेवली. तीन वेळा औषध झाल्यावर पुन्हा सोनोग्राफी झाली आणि शेवटी पुन्हा एमआरआय. या खेपेला मंगळसूत्र त्यांनी स्वतःच काढून माझ्या हातात दिले. कडी नाहीशी झाली होती. ऑपरेशनात काढलेल्या भागात जिवंत कॅन्सरपेशी सापडली नाही. केस गेले होते ते आता परत आले आहेत, आधीपेक्षा कुरळे. तुम्ही विचारता ना, पार्लरमध्ये गेल्या होत्या का म्हणून? नाही गेल्या.

ही जात परत येते तेव्हा बहुधा पहिल्या तीन वर्षांत येते. आमचे अजून एकही पुरे झालेले नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा तपासणी आहे. मी जाणार आहे.

खर्चाचे दोन शब्द. चारही चित्रे प्रत्येकीला लागत नाहीत. लहानशी गाठ असेल, पसरल्याची चिन्हे नसतील, तर पेट-सीटी करतच नाहीत. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी या दोघी मात्र जोडीने झाल्या की नाहीत, काख पाहिली की नाही, हे विचारायला लाजू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचा उपचार बसतो. जाताना शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवा. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, अलीकडे जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. आम्ही यांपैकी कुठे गेलो होतो ते भाषणात सांगत नाही, नाहीतर जाहिरात होईल; घरी या, सांगीन.

आणि जिला गाठ लागलेलीच नाही तिने काय करावे? मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ साली एक मोठे काम हाती घेतले. झोपडपट्ट्यांतल्या पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखावर बायका घेतल्या. त्यांतल्या निम्म्यांचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत; यंत्र नाही, किरण नाही. वीस वर्षे वाट पाहून २०२१ साली निकाल छापला. तपासलेल्या बायकांत कॅन्सर लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे. शिकलेला हात आणि माझ्यासारखा न शिकलेला हात यांत किती अंतर असते, ते मी जाणते. म्हणून इथे मी कोणाच्या गाठीला हात लावणार नाही. दाखवायला आलीत तरी नाही.

आज आपल्याकडे दवाखान्याच्या सिस्टरबाई आल्या आहेत. मागच्या खोलीत पडदा लावला आहे. दोघी-दोघींनी जावे. दाराशी जाऊबाई बसतील. कोणाला आत जायचा धीर होत नसेल तर त्यांच्याशी आधी बोला. चहा त्यानंतर. आणि चिवडा या वर्षीही मीच केला आहे.